हिरव्या दिव्यामागचा हात

"साहेबांची मान इतकी मागे नको," थोरल्या सिस्टर म्हणाल्या. "नवजात बाळ आहे ते. न्हाव्याकडे दाढीला बसलेलं नाही."

नवी डॉक्टर हसली आणि तिने साहेबांची मान सरळ केली. साहेब म्हणजे सिलिकॉनचं बाळ. इंजिनिअरिंग कॉलेजच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत ते एका ट्रेमध्ये पडलेलं असे. दिवसभर तोंड उघडं, काम काही नाही, आणि भोवती चार माणसं हात बांधून उभी; म्हणून शेवटच्या वर्षाच्या मुलांनी त्याला हे नाव दिलं होतं. बाळाचा घसा मात्र त्यांनी जीव ओतून बनवला होता. जीभ, हिरड्या, पडजीभ, आणि खाली श्वासनळीच्या तोंडाशी तांदळाच्या दाण्याएवढी फट.

त्या फटीसाठीच हा सगळा उद्योग चालला होता. जन्मलेलं बाळ श्वास घेईना की डॉक्टर डाव्या हातातल्या दिव्याच्या पात्याने त्याची जीभ उचलतात, फट शोधतात आणि उजव्या हाताने नळी आत सरकवतात. जीभ सरळ वर उचलायची असते. पण नवा हात घाबरतो, पातं वरच्या हिरडीवर टेकवतो आणि डब्याचं झाकण काढावं तसं उचकटायला जातो. हिरडीवर निळी खूण उमटते. कधी खुणेपेक्षा जास्त होतं.

मुलांनी यावर एक मूठ बनवली होती. पात्याखाली दाब मोजणारी पट्टी आणि मुठीवर दिवे. दाब कमी पडला तर दिवा लागणार नाही, बरोबर असला तर हिरवा, जास्त झाला तर लाल. नवशिक्यांनी आधी साहेबांच्या घशात हात बसवावा आणि मग खऱ्या बाळाकडे जावं, एवढीच कल्पना.

"दिवा लागत नाहीये," नवी डॉक्टर म्हणाली. पातं जिभेखाली होतं, फट स्वच्छ दिसत होती, पण मूठ काळीठिक्कर.

"घाबरू नका डॉक्टर, जोर लावा," भाषणवाला म्हणाला. तिघा विद्यार्थ्यांत याला कामातलं सगळ्यांत कमी कळत होतं, म्हणून बोलायचं खातं त्याच्याकडे आलं होतं. "सगळे नवे डॉक्टर भीतीने हात हलका धरतात. आम्ही मोजलंय."

नव्या डॉक्टरने थोरल्या सिस्टरांकडे पाहिलं. त्या तिला रोज पाहत होत्या. मुलगी हुशार होती आणि आपण हुशार आहोत हे तिला अजून कोणी सांगितलेलं नव्हतं.

"लाव," सिस्टर म्हणाल्या. "हिरवा येईपर्यंत लाव."

तिने लावला. हिरवा आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

हा हिरवा म्हणजे थोरल्या सिस्टरांचा हात होता. मुलांनी दवाखान्यातल्या सगळ्या डॉक्टरांकडून आणि सिस्टरांकडूनही साहेबांच्या घशात नळ्या घालून घेतल्या होत्या आणि प्रत्येकाच्या दाबाची ओळ कॉम्प्युटरवर काढली होती. डॉक्टरांच्या ओळी गर्दीतल्या माणसांसारख्या, एक इकडे एक तिकडे. सिस्टरांच्या मात्र एकावर एक बसलेल्या, जणू एकच ओळ कोणीतरी पुन्हा पुन्हा गिरवली आहे. तिघांतली चष्मेवाली आकड्यांखेरीज कशावर विश्वास ठेवत नसे. आईने "भूक लागलीय का" विचारलं तरी पोट तपासून उत्तर देईल अशी पोरगी. ती ओळ पाहून तिचेसुद्धा डोळे विस्फारले होते. "हेच प्रमाण धरायचं," ती म्हणाली होती. "बाकीच्या गोंधळाची सरासरी काढण्यात अर्थ नाही." तिसरा चटकेवाला. त्याची बोटं सोल्डरिंगच्या तापलेल्या सळईने कायम भाजलेली असत. त्याने तो दाब मुठीत कायमचा बसवून टाकला होता.

"सिस्टर, शनिवारी परीक्षक पास म्हणाले की मूठ दहा दवाखान्यांत जाणार," भाषणवाला म्हणाला. "म्हणजे तुमचा हातच दहा दवाखान्यांत जाणार, बघा."

"माझा हात माझ्याकडेच राहू दे, भांडी कोण घासेल?" सिस्टर म्हणाल्या. पण परतीच्या वाटेवर बसमध्ये त्यांनी स्वतःचा डावा हात मांडीवर ठेवून जरा जास्तच वेळ पाहिला. एवढं सुख कोणालाही माफ असावं.

कारण त्या हाताची कुठे नोंद नव्हती. नर्सने नळी घालायची नाही, असा दवाखान्याचा नियम. नियम कपाटात राहतो आणि बाळं काचेच्या पेटीत, त्यामुळे दोघांची गाठ क्वचित पडे. दरवर्षी येणाऱ्या कुठल्याही नव्या डॉक्टरचा प्रयत्न एकदा फसला, दुसऱ्यांदा फसला, की डॉक्टर मान वर करून बघे. तोवर थोरल्या सिस्टरांनी हातमोजे चढवलेले असत. नळी आत जाई, बाळाची निळसर छाती वरखाली होऊ लागे, मग डॉक्टर फाइलमध्ये नळीपुढे स्वतःचं नाव लिही. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. डॉक्टरला पहिल्या महिन्यात लाज वाटे, दुसऱ्यात कमी, तिसऱ्यात नाही. सिस्टरांना कधीच वाईट वाटलं नाही, असं त्या स्वतः सांगत. आणि विचारलं नसतानाही सांगत, यावरून काय ते ओळखावं.

घरी त्या संध्याकाळी पाना घेऊन त्यांचे यजमान नळाशी बसले होते. निवृत्त झाल्यापासून घरातली प्रत्येक मोडलेली वस्तू त्यांच्या अखत्यारीत आली होती आणि मोडलेली नसेल ती त्यांच्या संशयाखाली होती.

"अगं, नळ बंद करतेस की त्याचा गळा दाबतेस?" ते म्हणाले. "पुन्हा वायसर चेपला."

"हल्ली मालच हलका येतो."

"माल त्याच दुकानातला, तोच. हात बदललाय."

"मग तुम्ही बंद करत जा."

यजमानांनी नवा वायसर बसवला. जुना वायसर त्यांनी फुंकर मारून पुसला आणि पत्र्याच्या डबीत टाकला. टाकून देणं हा प्रकार त्यांना माहीत नव्हता. त्या डबीत घराचा इतिहास होता: स्क्रू, कड्या, बंद पडलेली दोन घड्याळं आणि सगळे मेलेले वायसर.

त्याच आठवड्यात दवाखान्यात एका बाईला जुळी झाली, त्यांतलं धाकटं काचेच्या पेटीत आलं. दिवस भरायच्या आधीच जन्मलेलं, तळहातावर मावेल असं. दुपारी त्याचा श्वास अडकू लागला. नव्या डॉक्टरने पातं घातलं, काढलं, पिशवीने श्वास दिला, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं आणि मान वर केली. थोरल्या सिस्टर पुढे झाल्या. एका झटक्यात नळी बसली. नव्या डॉक्टरने सुटकेचा श्वास सोडला, बाळाने घेतला, आणि फाइलमध्ये नव्या डॉक्टरचं नाव लागलं. सगळं रोजच्यासारखं.

सकाळी सिस्टर बाळाचं तोंड ओल्या कापसाने पुसत होत्या. वरच्या हिरडीवर, अगदी मधोमध, निळी खूण होती.

त्यांनी कापूस बदलला आणि पुन्हा पुसलं. खूण पुसली जाणारी नव्हती. अशी खूण त्यांनी आयुष्यभर पाहिली होती, पण दुसऱ्यांची. तिच्यावरून किती डॉक्टरांना त्यांनी कोपऱ्यात नेऊन, आवाज न चढवता, रडवलं होतं.

मोठ्या मॅडम फेरीला आल्या. विभागप्रमुख, आवाज बारीक आणि नजर त्याहून बारीक. त्यांनी बाळाचा ओठ बोटाने वर केला.

"नळी कोणी घातली?"

"मी," नवी डॉक्टर म्हणाली.

"पातं होतं की पहार? याच्या हिरडीत उद्याचे दात आहेत, डॉक्टर. तुम्हाला साहेबांच्या घशात आठवडाभर बसवलं ते कशाला?"

नवी डॉक्टर जमिनीकडे पाहत राहिली. थोरल्या सिस्टर पेटीच्या दुसऱ्या बाजूला उभ्या होत्या. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. तो क्षण आला, त्यांच्या समोर उभा राहिला आणि निघून गेला. मॅडम पुढच्या पेटीकडे वळल्या.

नंतर कपडे बदलायच्या खोलीत त्यांनी तिला गाठलं.

"का नाही बोललीस?"

"काय बोलू, सिस्टर? माझ्या नावावरच्या किती नळ्या तुमच्या आहेत. कौतुक घेतलं तेव्हा गप्प होते, मग बोलणी खाताना का तोंड उघडू?" ती हसायचा प्रयत्न करत होती. "आणि तुमच्या हाताने खूण होत नाही. पिशवी देताना माझाच मास्क जोरात लागला असेल."

"मास्क हिरडीला लागतो कुठे?"

तिने ॲप्रनची घडी घालायला घेतली. मग ती हळूच म्हणाली, "सिस्टर, मला आधी वाटायचं की इतका जोर लागत नसावा. पण हिरवा दिवा लागतच नव्हता ना. मग मी सवय करून घेतली."

थोरल्या सिस्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच उचलला. आपण किती जोरात ठेवला, याचा त्यांना अंदाज येईना.

घरी येऊन त्या चपला न काढताच नळापाशी गेल्या. नळ सोडला, बंद केला. पाणी थांबलं तरी बोटं फिरतच होती. दवाखान्यातले नळ कोपराने बंद करायचे असतात, तिथे हे कधी कळलंच नसतं. बोटांना काही सांगता येत नव्हतं; ती वळत होती, कारण पुरे झालं असं त्यांना कोणी सांगत नव्हतं.

"बंद झाला गं," मागून यजमान म्हणाले. "कधीचा झाला."

सिस्टरांनी हात काढून घेतला. चहाचा गरम कप तसाच हातात धरून ठेवायची सवय, शर्टाची बटणं यजमानांकडूनच लावून घेणं, स्वतःची रक्तातली साखर तपासायला बोटाला टोचलेल्या सुईचं काहीच न वाटणं. इतके दिवस प्रत्येकाला त्यांनी वेगळं कारण दिलं होतं. आता सगळी कारणं एकाच दारातून बाहेर आली.

"ती डबी द्या जरा," त्या म्हणाल्या.

"कुठली?"

"वायसरांची."

यजमानांनी डबी आणली आणि वर्तमानपत्रावर ओतली. कुठला वायसर आधीचा नि कुठला नंतरचा हे त्यांना न बघता सांगता येत होतं. सगळ्यांत जुना वर्षानुवर्षं टिकलेला, सगळीकडून सारखा झिजलेला. पुढचा जरा चेपलेला. त्यापुढचा अजून. शेवटचा तर मधोमध फाटलेला, कडा बाहेर आलेल्या.

"मला वाटायचं तू रागाने पिळतेस," यजमान वायसरांकडेच बघत म्हणाले.

"कसला राग?"

"ते मला काय माहीत? मी घरी बसल्यापासूनच सुरू झालं ना हे. म्हटलं, माझ्यावरच असेल. विचारून कशाला वाढवा."

थोरल्या सिस्टर त्यांच्याकडे पाहत राहिल्या. नळाच्या प्रत्येक पिळण्याबरोबर हा माणूस आपला काय गुन्हा झाला ते शोधत बसला होता आणि वायसर बदलत होता.

"तुमच्यावर नव्हता हो," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आधी मॅडमच्या खोलीत गेल्या. बसायला सांगितलं तरी बसल्या नाहीत.

"जुळ्यांतल्या धाकट्याची खूण माझी आहे, मॅडम. त्या मुलीला उगाच बोललात. माझ्या बोटांना कळेनासं झालंय. कधीपासून, ते सांगता येत नाही. यापुढे मला नळी घालू देऊ नका."

मॅडमनी पेन बंद केलं. सिस्टर नळ्या घालतात हे दोघींनाही माहीत होतं आणि कधी बोललं गेलं नव्हतं.

"सिस्टर, कागदावर तुमची एकही नळी नाही," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "जे मी कधी दिलंच नाही, ते काढून कसं घेऊ?"

"तोंडी काढून घ्या."

"घेतलं." पेन बाजूला ठेवत त्या पुढे म्हणाल्या, "तिला मी सगळ्यांसमोर बोलले. ते शब्दही सगळ्यांसमोर मागे घेईन. आणि तुम्ही बोटं दाखवून घ्या. उद्याच."

"घेते."

"आजवर किती बाळांना नळी घातलीत, सिस्टर? काही अंदाज?"

"मोजली नाहीत कधी."

हे खोटं होतं. सुरुवातीची बरीच वर्षं त्यांनी मोजली होती. पुढे मोजून दाखवायचं कोणाला, म्हणून सोडून दिलं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या शिरल्या तेव्हा भाषणवाला साहेबांसमोर भाषणाचा सराव करत होता. साहेब तोंड उघडं टाकून ऐकत होते.

"या सिस्टर. तुमच्यावर एक पूर्ण पान केलंय. अनुभवी हाताचं मोजमाप—"

"ते पान काढून टाक, बाळा," सिस्टर म्हणाल्या आणि टेबलावर रुमाल उघडला.

वायसर पाहून तिघं गोंधळले. सिस्टरांनी सगळं सांगितलं. थोडक्यात आणि जुन्यापासून नव्यापर्यंत, फेरीच्या वेळी बाळाची माहिती देतात तसं. नळ, बोटं, हिरडी. शेवटी म्हणाल्या, "तुमच्या मुठीत जो हात बसवलाय ना, तो आजारी हात आहे."

"पण सिस्टर," चष्मेवाली लगेच कॉम्प्युटरकडे वळली, "तुमच्या ओळी सगळ्यांत स्थिर आहेत. एकसुद्धा बाहेर नाही. बाकीचे बघा, कसे विस्कटलेत."

"विस्कटलेत, पण कुठे आहेत? माझ्या वर की खाली?"

तिने पडद्यावर बोट फिरवलं. सगळ्याच्या सगळ्या खाली होत्या. हे तिला पहिल्या दिवसापासून दिसत होतं आणि पहिल्या दिवशीच तिने त्याला भीती असं नाव देऊन ठेवलं होतं.

"मी रोज तेवढाच जोर लावते गं. चुकते तेही रोज तेवढीच. म्हणून तुला सुंदर दिसलं."

चटकेवाल्याने कोणी न सांगता मापक उचललं. एकेक वायसर त्याने भाजलेल्या बोटांत धरला, जाडी मोजली, खाली ठेवला. रांग लागली. प्रत्येक आकडा आधीच्याहून कमी होता.

"शनिवारी काय दाखवायचं मग?" भाषणवाला म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज त्याच्या वयाचा झाला होता. "हिरव्या दिव्याशिवाय आपल्याकडे आहे काय? सर म्हणतील पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षी आपण इथे नसू." त्याने सिस्टरांकडे पाहिलं. "तुम्ही सांगितलं नसतं तर कोणाला कळलं नसतं."

"रोज कळलं असतं," सिस्टर म्हणाल्या. "या दिव्यावर शिकलेलं प्रत्येक पोर माझा हात घेऊन बाहेर पडलं असतं. आमच्याकडची एक पोरगी पडलीच आहे. तिचा हात हलका होता, चांगला होता. मीच तिला म्हटलं, लाव जोर."

साहेबांच्या घशात पातं तसंच अडकून राहिलं होतं. ते सिस्टरांनी काढलं आणि दोन्ही हातांनी, सावकाश, ट्रेमध्ये ठेवलं.

चष्मेवालीने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. "दिवे बंद करून नेऊ," ती म्हणाली. "मूठ नुसता दाब मोजते, बरोबर काय ते अजून आम्हाला माहीत नाही, असं सांगू. पान मी लिहीन."

"नापास होऊ," भाषणवाला म्हणाला.

"होऊ."

ती कॉम्प्युटरकडे वळली आणि थांबली. "सिस्टर, तुमच्या ओळी काढून टाकाव्या लागतील. चुकून कुठे पुन्हा वापरल्या जायला नकोत."

"आधी एकदा दाखव."

तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. काळ्या पडद्यावर हिरव्या ओळी, एकीवर एक, इतक्या नेमक्या की एकच जाड ओळ वाटावी. वर चढलेली, जराशी थांबलेली, मग उतरलेली. प्रत्येक नळी अशीच चढून उतरली होती. खाली कोपऱ्यात दोन शब्द होते.

"हे काय लिहिलंय?"

"तज्ज्ञ एक," चष्मेवाली म्हणाली. "नाव लिहीत नाही आम्ही. तज्ज्ञ एक, तज्ज्ञ दोन, असं."

"बाकीचे डॉक्टर दोनपासून पुढे?"

"हो."

"बरं लिहिलंत," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि इतक्या वेळात पहिल्यांदा बसल्या. ती ओळ त्या पाहत होत्या. लांबच्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाचा फोटो हातात यावा तशी. मग त्यांनी होकाराची मान हलवली.

"तुम्हीच दाबता का?" चष्मेवालीने खुर्ची मागे सरकवत, बिचकत विचारलं. "हे एवढंच बटण."

"तूच दाब," सिस्टर म्हणाल्या. "हलक्या हाताने."

पडदा काळा झाला.

शनिवारचा निकाल कळायचा तो कळला. मुलं पास झाली, मूठ मात्र कुठेच गेली नाही. नंतरच्या आठवड्यात एका बाळाचा श्वास अडकला. नव्या डॉक्टरचा पहिला प्रयत्न फसला आणि सवयीने तिने मान वर केली. थोरल्या सिस्टरांनी हातमोजे घातलेले नव्हते. त्यांनी बाळाचं डोकं दोन्ही बाजूंनी नुसतं आधाराला धरलं, कागदावर त्यांचं जेवढं काम होतं तेवढंच, आणि म्हणाल्या, "जोर नको. जीभ उचल, फट आपोआप समोर येईल." नळी बसली. डॉक्टरने फाइलमध्ये आपलं नाव लिहिलं. लिहिताना तिचा हात जरा थांबला, मग पुढे गेला. या वेळी नाव खरं होतं.

घरी आल्यावर थोरल्या सिस्टरांना स्वयंपाकघरात नवा नळ दिसला. दवाखान्यात असतो तसा, लांब दांड्याचा. खाली पाना पडलेला होता, शेजारी पत्र्याची डबी बंद. यजमान बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसले होते, म्हणजे वाचत नव्हते.

त्यांनी हात धुतले. धुऊन झाल्यावर हात वर धरले, तसेच ओले, आणि कोपराने दांडा ढकलला. पाणी थांबलं.

बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला.